दाखल आणि खारीज

बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघाले की कोणी लोणारचे सरोवर सांगतो, कोणी जिजाऊंचे सिंदखेडराजा, तर कोणी खामगावच्या कापसाच्या बाजाराची आठवण काढतो. मला मात्र ह्या जिल्ह्याचा इतिहास आणखी एका ठिकाणी दडलेला दिसतो. गावच्या प्राथमिक शाळेच्या लाकडी कपाटात एक जाडजूड वही असते, तिला दाखल-खारीज म्हणतात. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख असे रकाने ओलांडीत आपण उजवीकडे गेलो, की शेवटी शाळा सोडल्याची तारीख व तिचे कारण येते. निकालपत्रक जे टिकले त्यांचीच हकिकत सांगते. ही वही कोण आले आणि कोण गेले, तेही सांगते. शाळेची खरी परीक्षा ह्या वहीतच होते, असे माझे मत आहे.

वऱ्हाड प्रांत 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. कचेऱ्या आल्या, त्यांना लिहिणारे हात हवे झाले, आणि शाळा निघू लागल्या. साहजिकच ज्यांच्या घरी लेखणी आधीपासून होती, त्यांचीच मुले आधी दाखल झाली. मुलींचे तर विचारूच नये. ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते. ताराबाईंना विद्या मिळाली ती त्यांच्याकडून, घरच्या घरी. त्यांचे ते धगधगते पुस्तक 1882 साली पुण्यात छापून निघाले. त्याच साली जोतीराव फुले ह्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन, शेतकऱ्याच्या पैशाने वरच्या वर्गांची मुले शिकतात हे दाखविले आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. विद्येचे दार कोणाला बंद आहे, हे दोघांनीही एकाच वर्षी सांगितले.

आता थोडे गणित करू. 1929 साली हार्टोग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातील शाळांचा हिशेब मांडला. 1922-23 साली पहिलीत असलेल्या दर 100 मुलांपैकी 1925-26 साली चौथीत पोचली होती अवघी 18. समजा, त्या अठरांपैकी सतरा पास झाली. तपासणीला आलेला साहेब निकाल शेकडा 94 असा लिहून समाधानाने परत जाईल. पण दाखल झालेल्या शंभरांवर मोजले तर तो निकाल शेकडा 17 होतो! दोन्ही आकडे खरे. पहिला चारचौघांत मिरवता येतो एवढेच.

ती ब्याऐंशी मुले गेली कोठे? आमच्याकडे ह्याचे उत्तर कोणताही शेतकरी देईल. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो, वेचणीला घरातली सारी माणसे लागतात, आणि थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहते. हिवाळाभर चुकलेले मूल नापास होते, दोनदा नापास झाले की बाप म्हणतो, “पुरे झाली शाळा.” वहीत मास्तर लिहितात, ‘सतत गैरहजर’. त्या दोन शब्दांत घरची गरिबी, शेतीचा हंगाम आणि एका मास्तरावर चार वर्ग हे सारे झाकून जाते.

सक्तीची वाट इतरांनी आधी दाखविली होती. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 साली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली शिक्षण सक्तीचे केले. मध्यप्रांतात 1920 साली कायदा झाला, पण अंमल स्थानिक संस्थांच्या मर्जीवर ठेवला गेला. 1950 च्या राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घालून दिली. प्रत्यक्ष हक्काचा कायदा अमलात आला तो 1 एप्रिल 2010 रोजी, म्हणजे साठ वर्षांनी! दरम्यान 1962 साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, शाळा वाडीवस्तीवर पोचल्या, दुपारची खिचडी आली. हे काम लहान नव्हे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता शेकडा 83 च्या वर गेलेली दिसते.

परंतु त्याच जनगणनेत दुसराही एक आकडा आहे. सहा वर्षांपर्यंतच्या वयात दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या 855, 2001 साली त्या 908 होत्या. म्हणजे काही मुली शाळेत दाखल होण्याआधीच जगातून खारीज झाल्या. ताराबाईंच्या जिल्ह्यात हे व्हावे, ह्याहून कडू गोष्ट कोणती?

आज वहीतली नावे सहसा खारीज होत नाहीत. पण ‘असर’च्या पाहणीत 2022 साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या दर 100 मुलांपैकी दुसरीचा धडा वाचता आला सुमारे 43 जणांना. नाव दाखल राहिले, अक्षर मात्र खारीज झाले. आणि ह्यावरून जिल्हा परिषदेच्या शाळेला नावे ठेवणारे लोक, तिथे बसते कोण हे पाहत नाहीत. ज्याला फी परवडते तो मुलाला पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी शाळेत धाडतो. कित्येक घरांत त्याची बहीण मात्र गावच्याच शाळेत असते, आणि तिच्या शेजारी बसतो तो ऊसतोडीला जाणाऱ्याचा मुलगा. दोन शाळांची तुलना करताना आपण दोन प्रकारच्या घरांची तुलना करीत असतो. मास्तरांना दोषातून मोकळे करण्यासाठी मी हे म्हणत नाही. ज्या शाळेत अवघड घरची मुले येतात तिथे मास्तर अधिक हवेत, इतकेच म्हणतो.

2023 साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावच्या जुन्या वह्या कपाटाबाहेर आल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या मोडी-बाळबोध अक्षरांवरून लोकांची बोटे फिरली, पण ती जातीच्या रकान्याशी थांबली. ती आणखी उजवीकडे सरकावीत, अशी माझी इच्छा आहे. 2009 च्या कायद्याने मुलांना नापास करणे थांबविले होते. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत ते पुन्हा शक्य झाले. नापास करून निकाल शुद्ध करण्याचा मोह जुनाच आहे, आणि त्याची किंमत हार्टोगच्या अठरांनी सांगून ठेवली आहे. म्हणून प्रत्येक शाळेने निकालाच्या फळ्यावर एक आकडा अधिक लिहावा. ह्या तुकडीत पहिलीला किती मुले दाखल झाली होती, हा तो आकडा. मग निकाल शेकडा किती, हे गाव स्वतःच काढील.