राजाबाई टॉवरचं ग्रंथालय आणि आपल्या डहाणूची पोरं

आज जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

आपल्या डहाणू-तलासरीतली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे फोर्टातल्या राजाबाई टॉवरखालचं ग्रंथालय आपल्या पोरांचंही आहे. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, पण चर्चगेट अजून सव्वाशे किलोमीटरवरच आहे. एवढं अंतर कापून गेलेल्या पोराच्या हातात पुस्तक पडणार की नाही, हे मला विचाराल तर एकाच गोष्टीवर ठरतं. ते काढून देणारा माणूस तिथे बसलेला आहे का? या माणसाचा इतिहास कोणी लिहीत नाही. टॉवरचा सगळे लिहितात.

आधी टॉवरचंच सांगतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत वर आलेले सुरतेचे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले, ग्रंथालयासाठी. त्याच वर्षी आणखी दोन लाख दिले, टॉवरसाठी, आईच्या नावाने. आईचं नाव राजाबाई. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शेठजी स्वतः बुडाले. पण दिलेला पैसा शाबूत राहिला. १८६९ ला काम सुरू झालं, १८७८ ला संपलं आणि २७ फेब्रुवारी १८८० ला ग्रंथालय उघडलं.

आता गंमत बघा. ज्या विद्यापीठासाठी एवढा वाडा उभा राहिला ते तेव्हा शिकवतच नव्हतं! लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर फक्त परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायची. शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठांनी स्वतः शिकवावं असा कायदा आला १९०४ मध्ये, आणि मुंबईचा समाजशास्त्र विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला १९१९ मध्ये. ग्रंथालय उघडल्यानंतर ३९ वर्षांनी.

आणि ग्रंथपाल? ग्रंथपालाचं रीतसर शिक्षण असतं हेच आपल्या देशात कोणाला माहीत नव्हतं. ती सुरुवात केली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या संस्थानातल्या गावागावांत फिरायला लागल्या. वाचक येत नसेल तर पुस्तक जाईल, इतका साधा हिशोब. हे सगळं आपल्यापासून लांब नाही हो, इथून रेल्वेने गेलं की अर्ध्या दिवसाचं काम.

दुसरा माणूस मद्रासचा, एस. आर. रंगनाथन. गणिताचे मास्तर. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि थोड्याच दिवसांत कंटाळून परत शिकवायला जायचं म्हणायला लागले. मग लंडनला जाऊन काम शिकून आले आणि जन्मभर तेच केलं. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तक, वाचक आणि कर्मचारी हे तिघं मिळून ग्रंथालय होतं, असं ते सांगायचे. तिसरा नसेल तर पहिल्या दोघांची गाठच पडत नाही.

हेच रंगनाथन १९५७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ग्रंथालय समितीचे अध्यक्ष झाले. समितीचा अहवाल १९५९ मध्ये आला. त्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किती माणसं लागतात याचं चक्क गणित मांडलं आहे. देवघेवीची एक खिडकी वर्षाला जितके तास उघडी, त्यातल्या दर १,५०० तासांना एक माणूस. वर्षाला येणाऱ्या दर २,००० नव्या पुस्तकांच्या वर्गीकरणाला आणि तालिकेला एक माणूस. रोज येणाऱ्या दर ५० वाचकांना संदर्भ शोधून द्यायला एक माणूस.

समजा एक ग्रंथालय रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस उघडं आहे. झाले ३,००० तास, म्हणजे एका खिडकीला दोन माणसं. वर्षाला ४,००० पुस्तकं आली, आणखी दोन. रोज २०० वाचक आले, आणखी चार. आठ माणसं इथेच झाली. मासिकं, फडताळांची व्यवस्था, बांधणी, झाडलोट, संगणक अजून धरलेलंच नाही. आता तुमच्या ओळखीच्या कुठल्याही ग्रंथालयात जा आणि डोकी मोजा. कायमची किती, कंत्राटी किती, तेही विचारा.

माणूस कमी झाला की काय होतं? पुस्तक लगेच चोरीला जात नाही की जळत नाही. आधी संध्याकाळची वेळ कमी होते. मग आलेली पुस्तकं गठ्ठ्यातच पडून राहतात. मग चुकीच्या फडताळात गेलेलं पुस्तक कोणी परत जागेवर लावत नाही, आणि नोंदीत 'आहे' असलेलं पुस्तक वाचकासाठी 'नाही' होतं. मुंबई विद्यापीठातल्या अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ मध्ये निघाली, संस्कृत-प्राकृत पोथ्यांची १९४४ मध्ये. एकेक पोथी उघडून, वाचून, पानं मोजून कोणीतरी ती केली. त्याशिवाय त्या पोथ्या म्हणजे नुसते गठ्ठे.

"आता सगळं मोबाईलवर आहे की," असं कोणी म्हणेल. थोडं खरं आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नल्स. चांगलंच आहे. 'शोधगंगा'वर पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात. 'कोहा' नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये तयार झालं, तेही फुकट. कमी पैशात चालवायला हे सगळं उपयोगी, पण कोहात नोंद कोण भरणार? जुना प्रबंध स्कॅन कोण करणार? 'कमवा आणि शिका'मधली पोरं पुस्तकं लावायला मदत करतील, तालिका मात्र शिकलेल्या माणसालाच करावी लागते.

आणि आपल्याला लागतं ते जर्नलमध्ये कुठे असतं? १९४५ च्या वारली उठावावर लिहायचं तर गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' कुठेही मिळेल. पण त्याआधीच्या वेठीबद्दलचा सिमिंग्टन यांचा अहवाल, १९४५ चं के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक, जुनी वर्तमानपत्रं, हे सगळं मोठ्या ग्रंथालयांतच शोधावं लागतं. आमच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं जगभर गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यावर इथल्याच एखाद्या वारली पोरीने प्रबंध लिहायचा ठरवला, तर तिला मुंबईचीच गाडी धरावी लागेल. तिथे खिडकी बंद असली तर तिचा एक दिवस गेला आणि घरची त्या दिवसाची मजुरीही गेली.

राजाबाई टॉवरची आणि ग्रंथालयाच्या इमारतीची दुरुस्ती २०१५ मध्ये पुरी झाली, टाटांच्या टीसीएसच्या पैशातून. रंगीत काचा परत झळकल्या. २०१८ मध्ये तो सगळा परिसर युनेस्कोच्या यादीत गेला. मला त्याचा आनंदच आहे, वारसा जपलाच पाहिजे. फक्त एक लक्षात येतं. १८६४ असो की २०१५, इमारतीला दाता मिळतो कारण तिच्यावर पाटी लागते. खिडकीमागच्या माणसाच्या पगारावर कुठल्या शेठजीची पाटी लावणार? तो पगार सरकारनेच द्यायचा असतो, आणि तो मागायचा आपण.

मागायची जागाही आहे. विद्यापीठाचं बजेट अधिसभेपुढे येतं. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. आपल्यातले किती पदवीधर नोंदणी करतात? पुढच्या वेळी कोणी मत मागायला आलं तर तीनच प्रश्न विचारा. ग्रंथालयाची मंजूर पदं किती आणि भरलेली किती? खिडकी रोज किती वाजेपर्यंत उघडी? आणि बडोद्याच्या पेट्यांसारखी पुस्तकं डहाणू-तलासरीच्या कॉलेजांपर्यंत मागणीवर पाठवायला काय अडचण आहे?

तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल कायम आहे का, आणि ते किती वाजता बंद होतं, हे खाली कमेंटमध्ये लिहा. कोणाचं नाव नको, फक्त कॉलेजचं गाव आणि वेळ. तालुक्याची यादी करू आणि ती घेऊनच बोलू.