मुंबई ते लंडन

मुंबईहून लंडन किती दूर? पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून पाहिली तर सुमारे ७२०० किलोमीटर. राघोबादादांच्या काळी हे अंतर एवढेच होते आणि आजही तेवढेच आहे. बदलला तो प्रवासाचा वेळ, आणि त्याबरोबर राज्यांची नि संसारांची गणितेही बदलली.

१७८१ साली राघोबादादांचे वकील म्हणून हणमंतराव ब्राह्मण आणि मणियार पारशी लंडनात पोचले. एडमंड बर्कने त्यांना आश्रय दिला. सोवळे सांभाळता यावे म्हणून आपल्या बागेतले काचघर मोकळे करून दिले. त्या काळी आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या गलबताला पाच-सहा महिने लागत. राजकारण काही तेवढे थांबत नाही! मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, इंग्रजांनी दादांची बाजू सोडली आणि वकिलांची सारी खटपट वाया गेली.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुवेझचा कालवा खुला झाला. सुमारे १०,७०० सागरी मैलांची वाट ६३०० वर आली आणि आगबोटीमुळे महिन्यांचे आठवडे झाले. १ जुलै १९१० रोजी सावरकरांना कैदी म्हणून घेऊन ‘मोरिया’ लंडनहून निघाली. ८ जुलैला मार्सेलिस बंदरात त्यांची ती प्रसिद्ध उडी पडली. २२ जुलैला ते मुंबईला पोचले. तीन आठवड्यांची ही वाट.

मग आकाश खुले झाले. १९२९ साली इंपीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत, आणि गंमत अशी की बाझलपासून जिनोआपर्यंतचा मधला टप्पा चक्क आगगाडीने! या टपालाला कराचीपुढची वाट १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी मिळवून दिली. एका इंजिनाचे इवलेसे विमान स्वतः चालवीत, अहमदाबादेवरून ते टपाल घेऊन मुंबईस उतरले.

पुढे ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ने ३५ प्रवाशांसह मुंबई सोडली आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडन गाठले. देश स्वतंत्र होऊन वर्षही झाले नव्हते. ज्या वाटेवरून राज्यकर्ते आले, त्या वाटेवर आता आपले विमान जाऊ लागले.

पण या वेगाची किंमतही मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. ४८ जण गेले. त्यांत बहुतेक खलाशी होते, इंग्लंडात बोटीवर रुजू व्हायला निघालेले. समुद्रावर जन्म काढणाऱ्यांना मरण आले ते बर्फात! २४ जानेवारी १९६६ रोजी लंडनकडे निघालेले ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर कोसळले. त्या ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते.

आज न थांबता जाणारे विमान नऊ-दहा तासांत लंडनला पोचते. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने वेळ थोडा कमीच लागतो. फराळाचा डबा घेऊन लेकीकडे निघालेली आजी रात्री सुनेचा निरोप घेते आणि दुसऱ्या दिवशी नातवाच्या हातावर चकली ठेवते. हा प्रवास आता इतका घरगुती झाला आहे.

मात्र याच वाटेवरचे एक टपाल फार रेंगाळले. ‘कांचनजंगा’तली भारत सरकारच्या टपालाची एक थैली २०१२ साली त्या पर्वतावरच्या हिमनदीतून बाहेर आली. तिला बर्फातून सुटायला सेहेचाळीस वर्षे लागली.