राजगिऱ्याचा देव

एकादशीला आपण ज्या राजगिऱ्याचा लाडू खातो, त्याच दाण्याच्या पिठातून मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक आपला सर्वांत मोठा देव घडवत. उइत्सिलोपोच्त्ली हा त्यांचा सूर्याचा आणि युद्धाचा देव. बेर्नार्दिनो दे सहागून या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं सोळाव्या शतकात अॅझ्टेक वृद्धांना विचारून बारा भागांचा ग्रंथ तयार केला. त्यात ही मूर्ती फार बारकाईनं नोंदलेली आहे. वर्षभर उपास धरलेल्या बायका देवळाच्या अंगणात राजगिरा दळत. काटक्यांच्या सांगाड्यावर ते पीठ थापून माणसाचा आकार द्यायचा, कानांत निळ्या खड्यांची कर्णभूषणं घालायची. मे १५२० मध्ये अॅझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानमध्ये, अशीच मूर्ती सजवून उत्सव चालला असताना स्पॅनिश सरदार पेद्रो दे आल्व्हारादोच्या सैनिकांनी नाचणाऱ्या निःशस्त्र लोकांची कत्तल केली.

हिवाळ्यातल्या दुसऱ्या सणात तर देवाला मारत. पुजारी गारगोटीच्या टोकाचा भाला पिठाच्या छातीत खुपसे, काळीज राजा मोक्तेसुमाकडे जाई आणि उरलेल्या देहाचे तुकडे लोक वाटून खात. पर्जन्यदेव त्लालोकच्या सणात डोंगरांच्या छोट्या मूर्ती करत. त्यांना भोपळ्याच्या बियांचे दात आणि काळ्या घेवड्याचे डोळे. होसे दे अकोस्ता या जेझुइटानं १५९० मध्ये ठामपणे लिहिलं, की सैतानानं ख्रिस्ती प्रसादाची ही नक्कल केली आहे.

स्पॅनिशांनी राजगिऱ्यावर बंदी घातली, पेरणाऱ्यांचे हात तोडले आणि पीक संपवलं, असं हल्ली सर्रास छापून येतं. मला ते पटत नाही. देव-मूर्तींवर वरवंटा फिरला, हे खरं. पण १६२९ मध्ये रुईस दे आलार्कोन हा पाद्री तक्रार करतो, की लोक अजूनही नव्या पिकाच्या दाण्यांच्या छोट्या मूर्ती करून पुजतात आणि दुसऱ्या दिवशी खातात. म्हणजे स्पॅनिश आल्यावर शंभर वर्षांनंतरही पीक शेतात आणि देव घरात होताच. राजगिऱ्याचं क्षेत्र घटलं ते साथींत माणसंच मेली म्हणून आणि राजाला धान्याचा कर देणारी व्यवस्था मोडली म्हणून. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सांतियागो तुल्येवाल्को गावात आजही फुलवलेल्या राजगिऱ्याच्या वड्या होतात.

मग हा दाणा आपल्याकडे आला कसा? काही अभ्यासक म्हणतात, कोलंबसाच्या आधीच आला. पण दाण्याच्या राजगिऱ्याचे रानटी भाऊबंद अमेरिकेतलेच, आणि मेक्सिकोतल्या पुएब्लामधल्या तेहुआकान खोऱ्याच्या गुहांत त्याचे हजारो वर्षांपूर्वीचे दाणे सापडले आहेत. मिरची, काजू, पेरू ज्या वाटेनं आले त्याच पोर्तुगीज गलबतांतून हाही आला, असं मी धरून चालतो.

खरा पेच पुढचा आहे. परदेशातून आलेलं पीक उपासाला चालतं कसं? वनस्पतिशास्त्राचा आधार घेणारे सांगतात, की राजगिरा गवताच्या कुळातला नाही, म्हणून ते धान्य नव्हे. पण मग वरीचं काय? वरी गवतच, तरी उपासाला चालते. उपास धरणाऱ्या आजीनं कूळ-जात पाहिली नव्हती. माझ्या मते तिनं पाहिलं ते एवढंच, की हा दाणा गहू-ज्वारी-तांदळाच्या रांगेत बसतो का. राजगिरा बसत नव्हता. माठ आणि तांदुळजा परसात होतेच. त्याच तोंडवळ्याचं झाड आलं, पानांची भाजी झाली आणि दाणे तिच्या बिया ठरले. भाजीच्या बीला धान्याचा विटाळ कसा लागणार? बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद ही सगळी अमेरिकी मंडळी याच दारानं उपासाच्या ताटात शिरली. निषेधाची यादी जुनी, पाहुणे नवे.

तिकडची पूजा दाण्यासोबत आली, असा माझा दावा नाही. आला तो दाण्याचा स्वभाव. राजगिरा फोडून पाहा: लोखंडी कढई चांगली तापली की मूठभरच टाकायचा आणि लगेच कापडाच्या बोळ्यानं दाबत फिरवायचा, नाहीतर निम्मा ओट्यावर उडतो. क्षणभर उशीर झाला की करपतो. खसखशीएवढा हा दाणा फुलल्यावर एकमेकांना धरत नाही, त्याला चिकट गोडवा लागतोच. अॅझ्टेकांनी घायपाताच्या कुळातल्या मागेय या झाडाचा पाक वापरला, आपण गूळ. म्हणूनच दोन्हीकडे त्याला हातानं आकार देणं ओघानंच आलं: तिकडे देव झाला, इकडे लाडू. आणि दोन्ही ठिकाणी तो उपासाशी जोडला गेला. तिथे उपास धरणारी बाई तो देवासाठी दळत होती, इथे तशीच बाई तो स्वतः खाते. दोन्ही समाजांनी या दाण्याला रोजच्या जेवणापेक्षा वरची जागा दिली, आणि ती त्यांनी एकमेकांना न विचारता दिली. राजगिऱ्याच्या इतिहासात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.