अविनाश साबळे

अविनाश मुकुंद साबळे (जन्म : १३ सप्टेंबर १९९४) हे ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीतील भारतीय धावपटू आहेत. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव. बारावीनंतर ते भूदलाच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले.

या शर्यतीत २८ अडथळे व पाण्यावरील ७ उड्या असतात. २०१८ साली भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून साबळे यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर ते स्वतःचाच विक्रम मोडत गेले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८:११.२० अशी वेळ दिली, तरी सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने हुकले. सरासरी वेगाने मोजल्यास हे अंतर जेमतेम एक फूट भरते. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस डायमंड लीगमध्ये ते ८:०९.९१ या वेळेपर्यंत पोहोचले. वीस सेकंद कमी करण्यास जवळजवळ सहा वर्षे लागली.

उत्तम वेळ आणि पदक यांचा मेळ मात्र नेहमी बसत नाही. पॅरिसमधील त्या धावेने सहावा क्रमांक मिळाला. उलट २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक ८:१९.५० या वेळेत, म्हणजे तोवरच्या त्यांच्या सर्वोत्तम वेळेहून आठ सेकंद अधिक घेऊन, मिळाले होते.