मुंबईतल्या बेवारस कुत्र्यांची दोनशे वर्षे

बेवारस कुत्र्याचा जीव वाचवणे आणि त्याला घर मिळवून देणे ही मुंबईत फार काळ दोन वेगळी कामे होती. पहिल्यासाठी या शहरात दंगल झाली, संस्था निघाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. दुसरे काम अलीकडचे, आणि तेही मुख्यतः पिल्लांपुरते.

उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने 1813 मध्ये केला. कारण अर्थातच पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती. 1832 साली मारण्याची मुदत वाढवण्यात आली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. तेव्हाच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारातली कुत्रीही ओढून नेतात, अशी ओरड सुरू झाली. 6 जून 1832 रोजी कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्ट भागातल्या, पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना बदडून काढले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, कुलाब्याच्या छावणीला जाणारी रसद अडवली गेली आणि अखेर सरकारला लष्कर बोलवावे लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. अंत्यविधीतल्या सगदीदमध्ये मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. पण बंदमध्ये हिंदू आणि जैन व्यापारीही उतरले होते, त्यामुळे या प्रकरणाला केवळ पारशांचा धार्मिक संताप म्हणता येत नाही. सरकार लोकांच्या उंबऱ्याच्या आत हात घालू लागले आहे, हा रागही त्यात होता. धरपकड झाली, खटले चालले. तरी शेवटी सरकारने नमते घेतले आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याची तडजोड झाली.

बाहेर सोडलेले कुत्रे परत येते, हे कळायला फार दिवस लागत नाहीत. 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळ म्हटले की आज गायी आठवतात. या पांजरपोळीच्या मुळाशी मात्र कुत्र्यांचा प्रश्न होता. तिथे जनावराला मरेपर्यंत चारापाणी मिळे. कोणीतरी यावे आणि आवडलेले कुत्रे घरी न्यावे, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. आसरा हेच त्या दयेचे पूर्ण रूप होते. त्याच शतकात लंडनला मेरी टील्बी यांनी 1860 मध्ये हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी काढलेले गृह, जे पुढे बॅटरसीला गेले, वेगळ्या पायावर उभे होते: कुत्रे मालकाला परत करायचे किंवा नवा मालक शोधायचा. जे नेले जात नसे त्याला मात्र तिथे मारले जाई. मुंबईची पांजरपोळ मारत नव्हती आणि घरही शोधत नव्हती.

पुढच्या काळात प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी मुंबईची संस्था 1874 मध्ये निघाली आणि परळला दिनशा पेटिट यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले. त्याच आवारात 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उपचारांची सोय वाढली, पण रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबतचे धोरण पुन्हा मारण्याकडेच वळले. विसाव्या शतकात पालिकेची गाडी कुत्री पकडून महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात नेई आणि तिथे विजेचा धक्का देऊन ती मारली जात. 1960 च्या केंद्रीय क्रौर्यविरोधी कायद्यानेही मोकाट कुत्री मारण्याला सूट ठेवली होती.

दरवर्षी हजारो कुत्री मारूनही रस्त्यांवरची संख्या घटेना. मद्रासच्या ब्लू क्रॉसने निर्बीजीकरणाचा मार्ग 1960 च्या दशकातच सुचवला होता. 1990 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कत्तलीचा उपयोग नसल्याचे सांगितले. मुंबईत कत्तल 1994 मध्ये थांबली. 2001 च्या केंद्रीय नियमांनी पद्धत ठरवून दिली: कुत्रे पकडा, नसबंदी आणि रेबीजची लस द्या, जिथून आणले तिथेच सोडा. म्हणजे कायद्याने गल्ली हेच कुत्र्याचे घर मानले.

घर शोधण्याचे काम या चौकटीच्या कडेला वाढले, तेही बव्हंशी स्वयंसेवकांच्या बळावर. आई मेलेली किंवा गाडीखाली सापडलेली पिल्ले कोणीतरी तात्पुरती घरी ठेवायची, जंत काढून लस द्यायची आणि दत्तक मेळाव्यात आणायची. पिल्लू आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये आणि मोठे झाल्यावर त्याची नसबंदी करावी, या अटी बहुतेक ठिकाणी असतात. नेणाऱ्याचे घर पाहून येण्याचा रिवाजही आहे. अडचण बहुधा सोसायटीची असते. सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्ये स्पष्ट केल्यावरही वाद संपलेले नाहीत. गावठी कुत्र्याची प्रतिष्ठा मात्र वाढली. 2018 मध्ये नूतनीकरणानंतर उघडलेल्या बॉम्बे हाऊसमध्ये, म्हणजे टाटा समूहाच्या फोर्टमधल्या मुख्यालयात, परिसरातल्या भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली ठेवली गेली. रतन टाटांच्या लाडक्या, गोव्याहून आणलेल्या कुत्र्याचे नावही ‘गोवा’ होते. 1832 ची दंगल झाली त्या जागेपासून बॉम्बे हाऊस फार लांब नाही.

मोठ्या कुत्र्यांचे गणित वेगळे आहे. सात-आठ वर्षांचे कुत्रे मागायला क्वचितच कोणी येते. त्यात पैदाशीसाठी वापरून टाकलेल्या माद्या आणि मालक परदेशी गेल्याने सुटलेली जातिवंत कुत्रीही असतात. खरे तर प्रौढ कुत्र्याचा स्वभाव कळलेला असतो, पिल्लाचा अंदाजच बांधावा लागतो. तरीही त्याचे आजार, औषधांचा खर्च आणि उरलेली थोडी वर्षे यांचाच विचार आधी होतो.

22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्राणीप्रेमींना रस्त्यावरची कुत्री दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली आणि ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी अर्जदारावर टाकली. नोव्हेंबरमधल्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री निर्बीजीकरणानंतर त्याच जागी न सोडता निवारागृहात ठेवायला सांगितले. त्या आवारांत राहणारी बहुतेक कुत्री पूर्ण वाढलेली, म्हणजे दत्तक मेळाव्यात सहसा मागे राहणारीच असतात.