पहिल्या नावाखाली

सायन्स सायटेशन इंडेक्सच्या छापील खंडात एखाद्या संशोधकाचे नाव काढले की त्याखाली त्याचे जुने पेपर सालवार लागलेले असत. प्रत्येक पेपरखाली त्या वर्षी त्याचा आधार कुणी कुणी घेतला, त्यांची यादी. अक्षर इतके बारीक की आमच्या ग्रंथालयात त्या कपाटाजवळ कायमचे एक भिंग ठेवलेले असे. वैद्यकीय महाविद्यालयातली ग्रंथपाल म्हणून माझी उमेदीची वर्षे या खंडांच्या सोबतीत गेली. बढतीच्या मुलाखती जवळ आल्या की डॉक्टर मंडळी येत, “बाई, माझी सायटेशन्स काढून द्या,” म्हणत. मी खंड उतरवून, ओळींवर पट्टी धरून आकडे मोजून देई. त्या कामात ‘डे एस एन’ ही नोंद माझ्या नजरेत भरली. आमच्या ओळखीच्या कुठल्याही भारतीय नावाखाली इतक्या ओळी नसत, आणि त्यातल्या बहुतेक ओळी एकाच पेपरखाली होत्या: नेचर, १९५९, खंड १८३, पान १५३३.

हा पेपर कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांचा. तो १५३३ पानावर सुरू होतो आणि १५३४ वर संपतो. लेखक एकटेच. कॉलऱ्याचे जंतू वाढवलेल्या द्रवातून जंतू पूर्णपणे गाळून काढले, तरी उरलेला द्रव सशाच्या आतड्यात पाणी ओतवतो, एवढेच त्यात दाखवले आहे. या ‘एवढेच’साठी वैद्यक पाऊणशे वर्षे थांबले होते. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यातच कॉलऱ्याच्या रुग्णांमध्ये स्वल्पविराम-आकाराचा जंतू पाहिला आणि हा जंतू काहीतरी विष तयार करत असावा, असा तर्कही केला. विष मात्र कुणाच्या हाती लागेना. जंतू मेल्यावर त्याच्या देहातून बाहेर पडणारे विष रोग घडवते, हा समज पुढे पक्का झाला. प्रयोग व्हायचे तेही प्राण्याच्या पोटाच्या पोकळीत जंतू टोचून. प्राणी मरायचा, पण त्याला कॉलरा होत नसे.

डे हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी गावचे, जन्म १९१५चा. कोलकात्याला डॉक्टर झाल्यावर ते लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्याकडे पीएच.डी.साठी गेले आणि १९४९ मध्ये परतले. कॅमेरॉन यांच्याबरोबर त्यांनी फुप्फुसात पाणी का साठते यावर काम केले होते. मला हा धागा फार मोलाचा वाटतो. रक्तवाहिनीतले पाणी नको तिथे कसे जाते, हा प्रश्न मनात घेऊन आलेला माणूस कॉलऱ्याच्या वॉर्डात उभा राहिला, तेव्हा त्याला जंतूआधी पाणी दिसले. रोग आतड्यात आहे, तर प्रयोगही आतड्यातच करायला हवा. १९५३ मध्ये डी. एन. चटर्जी यांच्याबरोबर त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा, तो शरीरातच ठेवून, दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि मधल्या भागात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टरारून फुगलेला होता. नुसता दोरा आणि सुई. पण या बांधलेल्या आतड्यावर १९५६ मध्ये त्यांनी इ. कोलाय या जंतूचे जुलाब करणारे प्रकारही तपासले, आणि १९५९ मध्ये गाळलेला द्रव घालून विषाचे अस्तित्व सिद्ध केले.

डे यांचे नाव मला ज्या इंडेक्सात दिसले, ती कुणी कुणाचा आधार घेतला याची खतावणी मांडण्याची कल्पना यूजीन गारफील्ड यांची, आणि तिचे मूळ वैद्यकात नाही, अमेरिकेतल्या वकिलीत आहे. फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३ पासून कोणत्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या निकालात घेतला, याच्या याद्या छापायला सुरुवात केली होती. जॉन्स हॉपकिन्सच्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात काम केलेल्या गारफील्ड यांना या याद्यांची ओळख झाली आणि हेच विज्ञानात करावे असे वाटले. १९५५ मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये तसे लिहिले. जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी पाठबळ दिले. पहिला सायन्स सायटेशन इंडेक्स १९६३ मध्ये निघाला: १९६१ या वर्षाची ६१३ नियतकालिके आणि १४ लाख संदर्भ. गारफील्ड यांचा मूळ हेतू शोध घेण्याचा होता. एखादा जुना पेपर हातात असला की त्याच्यावरून पुढे कुठे कुठे काम गेले, हे संशोधकाला कळावे. माणसे मोजण्याची सवय नंतर लागली आणि २००५ मध्ये होर्हे हर्श यांच्या एच-इंडेक्सने तिला एका आकड्यात बसवले.

मोजणीला एक भूल सतत पडते, तिचा उल्लेख करते. जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला पेपर ऑलिव्हर लाउरी यांचा, १९५१चा. द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची रीत त्यात आहे. त्याचे संदर्भ तीन लाखांवर गेले. रीत उत्तम आहे, पण ती रोज लागते म्हणून तिचा आकडा मोठा. कॉलऱ्याचे विष रोज कुणाला लागत नाही.

आता परळकडे येते, कारण मला खरे सांगायचे आहे ते तिथले. १८९६ च्या प्लेगमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत उभारलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. तिथे एन. के. दत्ता यांनी एम. के. हब्बू यांच्याबरोबर १९५५ मध्ये सशाच्या तान्ह्या पिलांमध्ये कॉलरा घडवण्याची पद्धत छापली. मोठ्या सशाला तोंडावाटे जंतू देऊन कॉलरा होत नसे. दहा दिवसांच्या पिलाच्या आतड्यात जंतू सोडले की त्याला खरोखर माणसासारखा जुलाब लागे आणि ते मरे. आतडे बांधायची गरजच नव्हती. या पिलांवर औषधांची परीक्षा घेता येऊ लागली. आणि १९५९ मध्येच, डे यांच्यानंतर काही महिन्यांनी, जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजीच्या ७८व्या खंडात पान ५९४ ते ५९५ वर दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांचा पेपर आला. जंतू फोडून काढलेल्या अर्कानेही पिलांना कॉलरा होतो, जिवंत जंतू लागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. कोलकाता आणि मुंबई, दोन वेगळे प्रयोग, तेच साल, दोन्ही जेमतेम दोन पानांचे.

कॉलऱ्याच्या इतिहासात पहिला मान डे यांचा, यात मला शंका नाही. गाळलेल्या द्रवात विष सापडले म्हणजे जिवंत जंतूच ते बाहेर सोडतो, हे त्यांच्या प्रयोगात जितके स्वच्छ दिसते तितके अर्काच्या प्रयोगात दिसत नाही. पण पुढचा रस्ता परळवरूनही गेला. १९६४ मध्ये अमेरिकेचे रिचर्ड फिंकेलस्टीन, नॉरिस आणि हेच दत्ता यांनी सशाच्या पिलांवर जंतूविरहित पदार्थाने कॉलरा घडवला. १९६९ मध्ये फिंकेलस्टीन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध रूपात वेगळे केले. मग कळले की हे विष आतड्याच्या पेशीत शिरून तिला क्षार बाहेर टाकायला लावते आणि क्षारामागे पाणी जाते. पेशी मरत नाही, आतड्याचे अस्तर शाबूत राहते, साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची त्याची ताकदही राहते. साखर-मिठाच्या पाण्याने कॉलऱ्याचा रुग्ण का वाचतो, याचे स्पष्टीकरण इथे आहे.

छापील इंडेक्सात या सगळ्याचा शोध घेताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मनातून गेली नाही. आधार म्हणून घेतलेला पेपर त्यात फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली नोंदवलेला असे. जागा वाचवण्यासाठी तसे करणे भाग होते. पण त्यामुळे १९५३चा पेपर ‘डे’खाली आहे, चटर्जी कुठेच नाहीत. १९५५चा ‘दत्ता’खाली, हब्बू नाहीत. १९५९चा पुन्हा ‘दत्ता’खाली, पानसे आणि कुलकर्णी नाहीत. १९६४चा ‘फिंकेलस्टीन’खाली, आणि तिथे खुद्द दत्ताच नाहीत. ससे कुणी सांभाळले, दहा दिवसांचे पिलू हातात धरून त्याच्या एवढ्याशा पोटावर कुणी शस्त्रक्रिया केली, हे त्या खंडांना विचारता येत नव्हते. आमच्याकडे आडनाव घेऊन येणाऱ्या एखाद्या डॉक्टरांना “तुमच्या नावाखाली काही नाही” असे सांगावे लागे, तेव्हा मी आधी त्यांचे पेपर मागून घेई आणि प्रत्येकाच्या पहिल्या लेखकाखाली बघे. वेळ लागे. पण तसे न करता आकडा लिहून देणे मला अन्यायाचे वाटे.

इतक्या ओळी असूनही माणूस उपेक्षित राहू शकतो, हेही डे यांच्या नोंदीनेच मला शिकवले. विष शुद्ध करायला लागणारी साधने त्यांना मिळाली नाहीत, ते काम परदेशात झाले. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाचे त्यांना बोलावणे आले, तेव्हा ते म्हणाले की साठीच्या दशकाच्या सुरुवातीपासून आपण मेल्यातच जमा होतो, परिसंवादाच्या समितीने आपल्याला उकरून बाहेर काढले. लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवले होते. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना हयातीत सभासद करून घेतले नाही. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी गारफील्ड यांनी आपल्या करंट कंटेंट्समध्ये कॉलऱ्याच्या संशोधनाचा संदर्भांवरून नकाशा काढून डे यांचे स्थान दाखवले. हा लेख आमच्या वाचनालयात आला, तो मी फलकावर लावला होता. करंट सायन्सने १९९० मध्ये त्यांच्यावर विशेषांक काढला.

आता सगळे संगणकावर आहे. सर्व लेखकांची नावे शोधता येतात, पानसे टाइप केले की १९५९ची ती दोन पाने निघतात. तरीही नियम करणारी मंडळी पहिल्या नावांकडेच वळली. २०१५ मध्ये मेडिकल कौन्सिलने वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांचा नियम स्पष्ट केला, तेव्हा लेखक पहिल्या दोघांत असावा अशी अट घातली. माझ्या निवृत्त डोक्याने मी लगेच ती परळच्या पेपरांना लावून पाहिली. १९५५ मध्ये हब्बू पास. १९५९ मध्ये पानसे पास, कुलकर्णी नापास. १९६४ मध्ये, ज्यांच्या सशाच्या पिलांवर सगळा प्रयोग उभा होता ते दत्ता तिसरे, म्हणून नापास.