तंजावरचे मराठी गद्य आणि सुबोधतेचा प्रश्न

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास हा मराठीतील अत्यंत विस्तृत शिलालेखांपैकी एक होय. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीसांनी तो रचला आणि १८०३ साली तो देवनागरी लिपीत शिळेवर कोरला गेला. त्यातील हकिकतींचा खरेखोटेपणा हा इतिहाससंशोधकांचा विषय आहे. येथे त्याच्याकडे गद्याचा नमुना म्हणून पाहावयाचे आहे.

हा लेख जातीने बखर आहे. बखरीचे वाक्य ‘येऊन’, ‘घेऊन’, ‘करून’ अशा रूपांची साखळी ओढीत पुढे सरकते. क्रियापद हाती येईपर्यंत कधी कधी कर्ताही बदललेला असतो. हा दोष केवळ लेखकाच्या गबाळेपणाचा म्हणता येत नाही. बखर बहुधा वाचून दाखविली जाई, आणि वाचणाऱ्याच्या आवाजातच विरामचिन्हे असत. भिंतीपुढे उभ्या राहणाऱ्या वाचकाला हा आधार नाही. ऐकण्यासाठी घडलेली वाक्यरचना डोळ्यांनी वाचण्याच्या जागी आली, की ती जड वाटू लागते, ही गोष्ट आपले शैलीविचारक पुरेशी ध्यानात घेत नाहीत असे मला वाटते.

व्यवहारातील मराठी सुधारण्याचा जो पहिला मोठा प्रयत्न आपण अभिमानाने सांगतो, तो निराळ्या दिशेचा होता. ‘राजव्यवहारकोशा’चे कर्तृत्व ज्या रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे परंपरेने दिले जाते, ते तंजावरात व्यंकोजी राजांचे कारभारी होते, तेथे न पटल्यामुळे ते शिवछत्रपतींकडे आले. दहा वर्गांच्या या कोशात सुमारे चौदाशे फारसी-यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत, आणि त्यांतील एक वर्ग खास लेखनाचा आहे. राज्याच्या आत्मसन्मानाचा उच्चार म्हणून त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु कोश शब्द बदलतो, वाक्य बदलत नाही. ‘अमात्य’, ‘सचिव’ ही पदे रुजली. तथापि ‘पेशवा’ हटला नाही, आणि सव्वाशे वर्षांनी तंजावरचा शिलालेख रचणारा अधिकारीही ‘चिटणीस’च राहिला. त्या पदाच्या शेपटात फारसी ‘नवीस’ तसाच टिकून आहे.

तंजावरची खरी कामगिरी मला अन्यत्र दिसते. दरबारचे दप्तर मोडीत चाले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि शब्द तोडले जात नाहीत. लेखणी न उचलता लिहिणाऱ्या कारकुनाची ती सोय आहे. वाचणाराही कारकूनच असे, त्यामुळे काही अडत नसे. सरफोजींनी ‘नवविद्याकलानिधि’ हा छापखाना काढला, तेव्हा वाचक पालटला. १८०६ साली तेथे ‘बालबोधमुक्तावली’ हे सख्खण पंडितांनी मराठीत आणलेले इसापनीतीचे पुस्तक देवनागरी ठशांत छापले गेले. बंगालमधील श्रीरामपुरास केरीचे मराठी व्याकरण देवनागरीतच १८०५ मध्ये निघाले होते. पण तेथून पुढे १८१० साली निघालेल्या मराठी कोशाला मोडी ठसे वापरले गेले. तंजावरने मुलांसाठी बाळबोध निवडली. मुलाला कळावे म्हणून जी लिपी, तिलाच आपण बाळबोध म्हणत आलो, हे या संदर्भात आठवावे. दप्तराला मोडी आणि मुलाला बाळबोध, या वाटणीत वाचक कोण याचा विचार लेखनाच्या आधी झालेला दिसतो.

आपल्या विद्यापीठीय व शासकीय मराठीत नेमका हाच विचार मागे पडला आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली ‘पदनाम कोश’ निघाला आणि त्याच वर्षी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियमही आले. पर्याय मिळाले, वेलांट्या नियमात बसल्या. प्रबंधातले वाक्य मात्र बखरीइतकेच लांब राहिले. फरक एवढाच, की ‘ऊन’च्या साखळीऐवजी आता त्यात भाववाचक नामांची साखळी असते, आणि ‘करण्यात आले’ या प्रयोगामुळे कर्ता बदलण्याऐवजी नाहीसाच होतो. परिभाषा कठीण आहे म्हणून तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. परिभाषा एकदा शिकता येते. हरवलेला कर्ता प्रत्येक वाक्यात नव्याने शोधावा लागतो.

तंजावरचे राज्य १८५५ साली खालसा झाले आणि दरबारी मराठीचे कारणच सरले. दक्षिणी मराठी घराघरांत बोलली जात राहिली. राज्यकारभाराचे कागद लिहिण्याचा प्रसंग मात्र तिला पुन्हा आला नाही. त्या दप्तराचा बराच भाग सरस्वती महाल ग्रंथालयात आणि १९८१ साली स्थापन झालेल्या तामिळ विद्यापीठात आहे. विद्यापीठाने त्यातील निवडक कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. मोडी वाचणारे मराठी अभ्यासक थोडे उरल्यामुळे या गद्याकडे वळणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांना आता त्या तमिळ पाठावरच विसंबावे लागते.